कटरवर पाणी धरणारी रूथ

त्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून वाळूचा ढीग झाकला. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. सावेडीत एका बंगल्याचं फरशीचं काम माझ्याकडे होतं आणि वाळू रस्त्याच्या कडेला पडली होती. उन्हाळ्याचे दिवस. ऊन उतरलं की वारा सुटायचा आणि वाळूतली बारीक माती उठून आसपासच्या घरांत शिरायची. म्हणून रूथनं रिकामी पोती उसवून, एकमेकांना जोडून एक मोठं पांघरूण शिवलं होतं. काम सुटलं की ते ढिगावर घालायचं, वरून पाणी मारायचं आणि कडेनं विटा ठेवायच्या. रूथ म्हणजे माझी बायको.

"तिकडचं टोक वढा की. नुसतं धरून काय उभं राहिलाय, फोटू काडायचाय का?"

मी ओढलं.

"लई वढलं. आता माझ्याकडं उघडं पडलं."

"मग दोन्ही टोकं तूच धर."

"धरली असती. तुमाला कशाला आनलंय मंग?"

विटा ठेवल्या, पाणी मारलं, चुळा भरल्या आणि गाडीवर बसून केडगावला घरी आलो. कटर मशीन ती नेहमीसारखी मांडीवर घेऊन बसली होती, लेकरू धरावं तसं. घरी तिनं चहा ठेवला. चहा पिताना म्हणाली, डावा हात जड झालाय. मी म्हटलं, पाणी मारून मारून झाला असेल. ती भिंतीला टेकून बसली आणि तिचा चेहरा मला वेगळाच दिसला. शेजारच्याची रिक्षा दारात होती. दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली.

एवढंच झालं. लोक विचारतात, काय काय म्हणाली शेवटी. काही म्हणाली नाही. रिक्षात बसताना पदर चाकात जाईल म्हणून गोळा करून घेतला, एवढं मी पाहिलं.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं हातात थापी आली ती आली. मला लिहिण्याची सवय नाही. पण तुम्ही तिला पाहिलेलं नाही, आणि ज्यांनी पाहिलं त्यांना ती पाण्याची बाटली घेऊन भांडणारी बाई एवढीच ठाऊक आहे. म्हणून लिहितो.

ती पहिल्यापासून साइटवर येत नव्हती. मी फरशी, ग्रॅनाइटची कामं करायचो आणि ती दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायची. तिचं सगळं ओल्यातलं काम, माझं सगळं कोरड्यातलं. मी घरी आलो की उंबऱ्यावर उभं करून पदरानं माझे केस झटकायची, आणि आत घेण्याआधी गुळाचा खडा पुढं करायची.

धुळीच्या कामावर गूळ खायचा, ही आमच्या धंद्यातली पक्की समजूत. गूळ गळ्याखाली उतरताना छातीतली धूळ सोबत घेऊन जातो, असं जो तो सांगतो. ठेकेदारसुद्धा गूळ वाटतात आणि आपलं कर्तव्य झालं असं समजतात. रूथचाही त्यावर माझ्याइतकाच विश्वास होता. "खावा. आत गेलंय ते खाली उतरू द्या," म्हणायची. मी वर्षानुवर्षं खाल्ला. पुढं खोकला धरला, जिना चढताना धाप लागायला लागली. तेव्हा तिनं खडा मोठा केला.

शेवटी एकदा खोकून खोकून डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. आधी म्हणाले, तुम्हाला शुगर आहे. रूथनं लगेच माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी फोटो उजेडाला धरला आणि बोट ठेवून दाखवलं.

"ही दगडाची धूळ. आत बसली ती आता निघणार नाही. औषधानं नाही आणि कशानंच नाही. नवी जाऊ दिली नाही तर आहे त्यावर निभेल. अशीच जात राहिली तर नाकाला नळी लावून घरात बसावं लागेल."

रूथनं विचारलं, "गुळानं बी न्हाई?"

"गूळ पोटात जातो बाई. धूळ छातीत जाते. दोन वाटा वेगळ्या आहेत."

घरी आल्यावर तिनं डब्यातली गुळाची ढेप काढली आणि शेजारच्या म्हशीपुढं टाकली. परत येऊन म्हणाली, "धूळ काडायला म्हनून मी तुमाला साखर घातली. दोन्ही आत राहिलं." आणि हसली. हसता हसता डोळे पुसले आणि पुन्हा हसली. तिचं असंच होतं. रडायचं असलं तरी आधी हसून घ्यायची.

सगळ्यांनी सांगितलं, काम सोडा. आमची लेक एस्तेर पुणतांब्याला दिली आहे, ती म्हणाली, बाबा, इकडं या, नदीकाठी हवा चांगली आहे. मी म्हटलं, फरशी सोडून मला काय येतं? जावयाच्या दारात बसून हवा खाऊ का? रूथनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काम न्हाई सोडायचं. धूळ सोडायची. ती उठलीच न्हाई तर आत कशी जाईल?"

हे तिला कुठून सुचलं ते सांगतो. ती घोडेगावची. तिथं गुरांचा बाजार भरतो आणि त्या बाजारात तिच्या आईचं भज्यांचं पाल असायचं. गुरांचे कळप यायला लागले की खुरांची एवढी धूळ उठते की पलीकडचा माणूस दिसत नाही. सगळी कढईत. म्हणून आई लहानग्या रूथच्या डोक्यावर हंडा द्यायची आणि पालापुढं पाणी मारायला लावायची. "गुरं यायच्या आदी मारायचं," रूथ सांगायची. "गुरं आल्यावर मारलं तर भज्यात चिखल. आदी मारलं की जमीन दाबून बसती. मग हत्ती का येईना."

तर अशी ती साइटवर आली. धुणीभांड्यांची घरं सोडली. माझ्याबरोबर डबा घेऊन गाडीवर बसली आणि म्हणाली, चला, तुमचे हत्ती दाखवा.

ग्रॅनाइट कोरडं कापलं की काय होतं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. पातं दगडाला लागलं की पांढरा लोट उठतो आणि कापणारा दिसेनासा होतो. भुवया, पापण्या, कानांची भोकं, सगळं पिठात बुडवल्यासारखं. पाणी घातलं की हेच सगळं खाली बसतं, दुधासारखा गाळ होऊन वाहतं. हे प्रत्येक फरशीवाल्याला ठाऊक असतं. करत कोणी नाही. पाण्यानं पेन्सिलची रेघ पुसते, खाली राडा होतो, विजेची भीती असते. आणि एक माणूस जे काम करतो त्याला दोन लागतात. ठेकेदाराला हा दुसरा माणूस नको असतो.

विजेचं तिनं पहिलं पाहिलं. झटका बसला तर आपोआप पडणारं बटन वायरमनकडून लावून घेतल्याशिवाय मशीनला हात लावू दिला नाही. वायर बांबूच्या तिकाटण्यांवरून वर चढवली, जमिनीवर लोळू दिली नाही. मला रबरी बूट घेतले. मग पाणी. दवाखान्यात मला लावलेली सलाईनची नळी ती मागून घेऊन आली होती, ती धुऊन तिनं कॅनला जोडली आणि कॅन खुंटीला टांगला. थेंब थेंब पडायला लागलं आणि धूळ होती तशी उठली. आम्ही दोघं पांढरे. ती म्हणाली, "माणसाला पुरतं, दगडाला न्हाई."

मग तिनं पाण्याची बाटली घेतली, झाकणाला तापलेल्या सुईनं भोकं पाडली. रेघ पुसते म्हणून नाताळच्या उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे आणले आणि रेघेवर मेण चोळलं. पाणी वरून घसरून जायचं, रेघ तशीच. माझ्यासमोर उकिडवी बसायची, बाटली दोन्ही हातांनी दाबायची आणि नजर पात्यावर. मी कापत जाईन तशी तिची धार माझ्या पुढं पुढं जायची. मी थांबलो की थांबायची. बोलायची गरज नव्हती आणि मशीनच्या आवाजात बोलणं ऐकूही येत नसे. ती काहीतरी म्हणत असायची मात्र. ओठ हलताना दिसायचे. एकदा मशीन अचानक बंद पडलं तेव्हा कळलं, देवळातलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं गाणं म्हणत होती, आणि तेही बेसूर.

मी म्हटलं, "रोज गातेस व्हय?"

"मंग काय. इथं कुनी सूर काडत न्हाई."

देवळात तिला गाताना शेजारच्या बायका कोपरानं ढोसायच्या. साइटवर तिला मोकळीक होती.

गाळाचं तिचं आणखी एक होतं. ओला आहे तोवरच तो घमेल्यात भरून उचलायचा. "वाळला की परत धूळच हाय ती. आज बसवली आन् उद्या झाडूनं उठवली, तर काय उपेग?" झाडायचं असलं की आधी शिंपायची, मग झाडू द्यायची. वरच्या मजल्यावरून कोणी राडारोडा खाली ओतायला लागला की खालून ओरडायची, "पोत्यात भर आन् उतरव. वरनं काय फुलं उधळतोय?" नवीन माणसं चिडायची. पण एकदा तिच्यासमोर चिडलं की दुसऱ्यांदा चिडायला जीव राहत नसे, एवढं ती बोलायची.

काष्टीचा बबन आमच्याबरोबर कामाला होता. माझ्याच धंद्यातला, माझ्यापेक्षा बराच लहान पण घरसंसाराचा माणूस. हात चांगला. मला मामा म्हणायचा आणि तिला मामी. तो तोंडाला रुमाल बांधायचा आणि कोरडंच कापायचा. त्या दोघांचं रोज चालायचं.

"मामी, दगडाला आंघूळ घालताय का बारसं?"

"तू रुमाल बांधून बसलायस, धुळीला काय लाज हाय का? तोंड झाकलेलं बघून माघारी जायाला?"

"तुमी मिश्री लावता ती पन धूळच की."

"ती वली हाय," रूथ म्हणायची आणि पिचकारी टाकायची.

मिश्री तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. त्यावरून पाळकसाहेबांनीही तिला टोकलं होतं. त्यांना म्हणाली, साहेब, एवढं एक राहू द्या, नाहीतर वर गेल्यावर माफी कशाची मागू.

शेठला, म्हणजे आमच्या ठेकेदाराला, ती सुरुवातीला नको होती. तो म्हणाला, "याकोब, बायको घेऊन काम होतं का? राडा होतो, वेळ जातो." मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "राडा मी उचलते शेठ. वेळ जातो खरा. पन ह्यांचा श्वास गेला तर तुमी फरशीवाला बदलाल, मी नवरा कुठनं बदलू?" शेठ हसला. हसला म्हणजे झालं. पुढं तो दुसऱ्या साइटवर गेला की तिथल्या लोकांना सांगायचा, आमच्या मामींसारखं पाणी मारा. स्वतः पिंप मात्र कधी भरून दिलं नाही.

या सावेडीच्या बंगल्यावर आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. शेजारच्या घरच्या काकूंनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. बबन आमच्या गच्चीवर एकटाच कोरडं कापत बसला. आम्ही खाली मोरीच्या फरशीत गुंतलेलो. वारा नेमका तिकडचा. काकू ताट घेऊन फाटकात आल्या. चांगल्या घरच्या, पण रागानं आवाज चिरकत होता.

"ह्या बघा. गव्हाचा चीक काढून, पहाटे उठून घातल्यात मी. ह्या आता तुमच्या घरी न्या आणि तुमच्या मुलाबाळांना तळून घाला."

रूथ पुढं झाली. तिनं ताटातली एक कुरडई उचलली, तोडली आणि तिथंच उभी राहून चावली. सगळे बघत राहिले. तिनं सावकाश चावली, गिळली आणि म्हणाली, "खरं हाय, ताई. करकर लागती." मग वर बघून हाक मारली, "बबन, खाली ये."

बबन रुमाल सोडत खाली आला. तिनं उरलेली कुरडई त्याच्या हातात दिली. "खा."

"मामी, कच्ची कुरडई कुनी खातं व्हय?"

"धूळ रोज कच्चीच खातोस की. खा."

त्यानं खाल्ली. तोंड वाकडं केलं. काकूंना हसू आलं, मग त्यांना आपल्या हसण्याचाच राग आला. रूथनं तेवढ्यात ठरवूनसुद्धा टाकलं. गच्चीवरचं कापणं बंद, कापायचं ते खाली मागच्या अंगाला, भोवती हिरवं जाळं बांधून. काकूंचं वाळवण असेल तेव्हा त्यांनी एक हाक द्यायची, त्या दिवशी आम्ही मशीन लावायचं नाही, आत फरशी बसवायची. काकूंनी त्या दिवसापासून आम्हाला त्यांच्या बोअरचं पाणी दिलं. दुपारी ताक यायचं. नवीन कुरडया घातल्या तेव्हा पहिलं तळण आमच्याकडे आलं आणि रूथनं बबनला ते जास्त दिलं.

बबनवर तिचा जीव होता, हे मी लिहून ठेवतो, कारण तो समजतो की ती नुसती त्याच्या मागं लागायची. तो खोकला की तिचे कान टवकारायचे. मला घरी म्हणायची, "त्याचा खोकला ऐकलाय का? तुमचा सुरुवातीला असाच हुता. कोरडा. वरच्या वर." मी म्हणायचो, त्याला सांग. ती म्हणायची, "रोज सांगते. त्याला कुनी पानी धरायला न्हाई. त्याची बायको काष्टीला, शेतात. मला दोन हात हायेत, ते तुमच्याकडं गुंतलेत." कधी माझं कापणं नसलं की ती गुपचूप जाऊन त्याच्यासमोर बसायची. तो थट्टा करायचा पण मशीन चालवायचा, आणि ती धरायची. मग परत माझ्याकडे.

डॉक्टरांनी मला पुढं तपासलं तेव्हा म्हणाले, होतं तिथंच आहे, वाढलेलं नाही. रूथनं त्यांना विचारलं, "म्हंजे पान्यानं?" ते म्हणाले, "पाण्यानंच." ती बाहेर येऊन बाकावर बसली आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "ऐकलं का, पान्यानं." माझे असे किती फोटो निघाले. दरवेळी ती बाहेर पिशवी धरून बसायची. तिच्या छातीचा फोटो काढावा असं कोणाच्या मनात आलं नाही. तिच्याही नाही. ती दिवसभर पाण्यात, तिला काय व्हायचं, असं सगळे धरून चाललो होतो.

शनिवारी दुपारनंतर माती दिली. एस्तेर आणि जावई सकाळीच पोचले होते. कबरस्थानात ऊन आणि वारा. खणलेली माती कोरडी ठणठणीत, कडेला ढीग. पाळकसाहेब वाचायला लागले आणि वाऱ्यानं तो ढीग उचलला. सगळ्यांच्या डोळ्यांत, पुस्तकावर, पेटीवर. लोकांनी रुमाल काढले. माझा खोकला सुरू झाला तो थांबेना. साहेब वाचायचे थांबले.

मागून बबन पुढं आला. त्याच्या हातात बादली होती, फाटकाजवळच्या नळावरून भरून आणलेली. कोणाला काही न विचारता त्यानं मातीच्या ढिगावर कडेनं पाणी शिंपलं. हातानं, थोडं थोडं. मग दुसरी बादली आणली. माती दबली. साहेबांनी पुस्तकाचं पान झटकलं आणि पुढं वाचलं. शेजारच्या काकू बायकांच्या मागं उभ्या होत्या, त्या तेव्हा रडल्या. मी नाही रडलो. मी मातीकडे बघत होतो, तिनं नीट भिजवली आहे का असं. तिनं नव्हे, बबननं. पण मला तसंच वाटलं.

फाटकातून बाहेर पडताना बबन म्हणाला, "मामा, जिन्याच्या राहिलेल्या पायऱ्यांची काळजी करू नका. मालकाला घरभरनी करायचीय, शेठची घाई हाय. उद्या सकाळी जाऊन मी उरकून टाकतो. तुमी आता साइटवर येऊच नका."

एस्तेरनं संध्याकाळी तेच म्हटलं. म्हणाली, बाबा, आता काम बास. तुमच्या श्वासाकडं बघणारं माणूस गेलं. सोमवारी माझ्याबरोबर पुणतांब्याला चला. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती चुकीचं बोलत नव्हती. मला एकच दिसत होतं, की मी गेलो तर वाचेन आणि राहिलो तर कोणी पाणी धरायला नाही.

रविवारी सकाळी एस्तेर देवळात जायला तयार झाली. माझा पांढरा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. मी कामाची पँट घातली.

"बाबा, आज रविवार आहे."

"माहीत आहे."

"आईनं रविवारी कधी कामाला हात लावू दिला नाही."

"माहीत आहे," म्हटलं, आणि गाडी काढली.

साइटच्या कोपऱ्यावरूनच आवाज आला. मशीनचा, आणि मधेच खोकल्याचा. जिन्याच्या दारातून पांढरा लोट बाहेर येत होता. मी नाक दाबून आत गेलो आणि भिंतीवरचं बटन बंद केलं. लोट खाली बसेपर्यंत बबन दिसेना. मग दिसला. पांढरा, डोळे लाल, रुमाल तोंडावर. पायरीचा ग्रॅनाइट पुढं आडवा.

"मामा, तुमी कशाला आला? जावा बाहेर. तुमाला हे चालतंय व्हय?"

"तुला चालतंय?"

"एकट्यानं कसं करू मंग? एक हात मशीनला, एक दगडाला. तिसरा कुठनं आनू?"

खिडकीत तिची बाटली होती, ती पिंपात बुडवून भरली. बबनच्या समोर जाऊन उकिडवा बसलो. गुडघे वाजले. ती रोज असं कशी बसत होती, कोण जाणे. बबननं माझ्याकडे पाहिलं, रुमाल खाली ओढला आणि उठून बटन लावून आला.

मशीन सुरू झालं आणि मी बाटली दाबली. एवढं जोरात दाबली की सगळी धार पात्यावर बसली आणि उडून बबनच्या तोंडावर गेली. त्यानं मशीन थांबवलं. मिशांवरून गाळ पुसला. ती असती तर तिनं मला तिथंच काय काय ऐकवलं असतं.

"मामा," तो म्हणाला, "पात्यावर न्हाई. पात्याच्या म्होरं. आन् दाबायचं न्हाई एवढं. मामी नुसती धरायच्या."

"तुला काय ठाऊक?"

"रोज बघत हुतो की."

मी पुन्हा भरून आणली. या वेळी हात पुढं नेला, पातं जिथं पोचायचं होतं तिथं. धार आधी वाकडी गेली, मग रेघेवर आली. बबननं मान हलवली. लोट उठला नाही. दुधासारखं पाणी पायरीच्या कडेनं खाली गेलं, आणि मी त्याच्या हाताच्या पुढं पुढं सरकत राहिलो.